मागे सरका, दाजी

"आता बघा मंडळी, हा माणूस जीव द्यायला निघालाय!" बिरनाळे गुरुजी माईकवर गरजले आणि मैदानातल्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

शाळेच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, अगदी कठड्यावर, आमचे दाजी उभे होते. अंगात गणवेश नाही, साधा रेघारेघांचा शर्ट आणि लेंगा. दरवर्षी एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह असतो, त्यात आम्ही लोकांना प्रात्यक्षिकं दाखवायचो. तेलाची आग, गॅसची आग, धुरातून माणूस बाहेर काढणं, आणि पोरं ज्याची वाट बघत बसायची तो 'गच्चीवरचा माणूस'. हा माणूस दरवर्षी दाजीच व्हायचे. शिडीनं वर चढून त्याची समजूत घालणारा फायरमन व्हायचो मी.

माझं नाव सुकुमार मगदूम. तेव्हा जेमतेम तिशीत होतो. 'नाव सुकुमार आणि धंदा आगीत शिरायचा' हा विनोद भरती झालो त्या दिवसापासून मला ऐकवला जात होता, आणि पहिल्यांदा तो केला होता दाजींनीच. दाजी म्हणजे आनंदा लोहार, आमच्या केंद्राचे लीडिंग फायरमन. त्यांची बायको मालूआक्का आमच्या गल्लीतली, म्हणून मी त्यांना दाजी म्हणायचो. माझं ऐकून अख्खं केंद्र म्हणायला लागलं, साहेबसुद्धा. आमचं गाव यंत्रमागांचं. सूत, तेल आणि जुन्या वायरी जिथं एका छपराखाली नांदतात तिथं फायर ब्रिगेडला सवड कुठली? विहिरीत उतरायचं तर दाजी, तापलेल्या पत्र्यावर चढायचं तर दाजी, आणि परत आल्यावर चहा पिताना सगळ्यात मोठ्यानं हसणारेही दाजीच.

कठड्यावर उभं राहून ते दरवर्षी मरायचं काहीतरी अफलातून कारण सांगायचे. एका वर्षी म्हणाले, "बायकोनं आमटीत मीठच घातलं न्हाई, आता जगून काय उपेग?" मागच्या वर्षी म्हणाले, "मेव्हणा रोज जेवायला येतोय ओ!" मेव्हणा म्हणजे मी. मैदान हसून लोळलं होतं.

त्या वर्षी मात्र ते काहीच बोलले नाहीत.

"का रे बाबा, का जीव देतोस?" गुरुजींनी आपलं ठरलेलं वाक्य टाकलं.

वरून उत्तर आलं नाही. पोरं माना वर करून वाट बघत राहिली.

"लाजतोय वाटतं!" गुरुजींनी वेळ मारून नेली. "चला, निघाले आपले शूर जवान!"

शूर जवान शिडी चढायला लागला. चढता चढता मी मनात दाजींना शिव्या घालत होतो. एवढा मुख्य पाहुणा आणलाय, पुढच्या रांगेत आमचे कुंभोजकर साहेब छाती काढून बसलेत, आणि यांनी आजच मौनव्रत धरलंय.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. उंचीवर काम करताना कमरेच्या पट्ट्याला दोराचा हूक अडकवतात. पण आमच्या केंद्रात आपला हूक आपण लावायचा नाही आणि काढायचाही नाही. जोडीदारानं लावायचा, जोडीदारानं काढायचा. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, दाजींच्याही आधीच्या कुणीतरी घालून दिलं होतं. माणूस स्वतःच्या बाबतीत घाई करतो, दुसऱ्याच्या बाबतीत करत नाही, असं दाजी म्हणायचे. हाताला ती सवय इतकी झाली होती की स्वतःच्या पट्ट्याकडे आमचा हात जायचाच नाही.

त्या सकाळी दाजींचा हूक मी लावला होता. पाण्याच्या टाकीच्या खांबाला दोर बांधला, दोनदा ओढून बघितला, त्यांच्या पट्ट्याला अडकवला, शर्ट वरून ओढून झाकला आणि जिन्यानं खाली आलो. मैदानातून बघणाऱ्याला हा दोर दिसत नाही. त्याला वाटतं, माणूस खरंच मोकळा उभा आहे.

शिडीच्या टोकाला पोचलो आणि रीतीप्रमाणे तिथंच थांबलो. दाजी वाकून माझा हूक लावणार, मग मी कठडा ओलांडणार. दरवर्षी मी वर दादा-बाबा करत असताना ते गुपचूप हूक लावायचे आणि पुटपुटायचे, "आवर की गड्या, चहा गार व्हायला लागलाय."

मी माझं वाक्य मोठ्यानं म्हटलं. "दादा, असं करू नका! मागे सरका! मागच्या भिंतीला टेका!"

मागची भिंत म्हणजे जिन्याच्या खोलीची. हे वाक्यही वर्षानुवर्षांचं.

दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. नजर खाली, पण गर्दीकडेही नव्हे, जवळच कुठंतरी.

"आतला आवाज बंद झाला का रे?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, नवीन डायलॉग आहे. आधी सांगायचं तरी! मी हळूच म्हणालो, "कुठला आवाज?"

"आत कोण हाय का बघ."

"दाजी, मला काय बोलायचं ते तरी सांगा," मी कुजबुजलो आणि परत पब्लिकसाठी ओरडलो, "दादा, मागे सरका!"

दाजी पुढे सरकले. थोडेसेच. चपलेचा पुढचा भाग कठड्याच्या बाहेर आला. खालून पोरांचा 'ओऽऽ' असा आवाज उठला. काय ॲक्टिंग करतोय हा माणूस, असं मला खरोखर वाटलं. मलाही चेव चढला. "दादा, ऐका माझं! मागे सरका, भिंतीला टेका!"

ते आणखी पुढे सरकले.

तेव्हा मला हूक दिसला. गच्चीच्या फरशीवर दोर पडला होता आणि त्याच्या टोकाला हूक. निसटलेला नव्हता. नीट काढून, परत बंद करून ठेवलेला होता.

मी लावलेला हूक मी काढला नव्हता. गच्चीवर तिसरं माणूस नव्हतं. म्हणजे दाजींनी स्वतःच्या हातानं स्वतःचा हूक काढला होता. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर म्हटलं असतं, दोर टोचत असेल. पण आमच्यातला माणूस, आणि त्यातून दाजी! डोकं काही मानायला तयार होईना आणि हातपाय मात्र समजून बसले होते. शिडीचा दांडा धरलेली बोटं गार पडली होती.

मी खाली बघितलं. झेल घ्यायची कापडी शीट धरून आमची पोरं इमारतीच्या दुसऱ्या बाजूला उभी होती, कारण यानंतर तिकडून भुसा भरलेला पुतळा टाकायचा होता. दाजींच्या बरोबर खाली शाळेच्या सिमेंटच्या पायऱ्या होत्या.

"शीट इकडं आणा!" मी जीव खाऊन ओरडलो. "अरे, इकडं आणा लवकर! हे खरंच उडी टाकाय लागल्यात! नाटक न्हाई हे!"

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी मारली.

"ऐकलंत का?" गुरुजींचा आवाज भोंग्यातून आला. "काय काम करतोय बघा आपला जवान! अगदी खरं वाटतंय की नाही?"

"होऽऽय!" पोरं एका सुरात म्हणाली.

"साहेब!" मी कुंभोजकर साहेबांकडे बघून हात हलवला. "साहेब, खरं सांगतोय मी!"

साहेबांनी पाहुण्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. मग साहेबांनी मला हात करून दाखवला, शाब्बास म्हणून. शीट धरलेल्या आमच्या पोरांतला एक जण दुसऱ्याला कोपरानं ढोसून माझ्याकडे बोट दाखवत होता. एवढी माणसं समोर, त्यातली कितीतरी जीव वाचवायचा पगार घेणारी, आणि मी मदत मागतोय तर ती टाळ्या वाजवताहेत. असा धक्का मला कुठल्या आगीत बसला नव्हता. आजही कुठं टाळ्या वाजल्या की माझ्या अंगावर काटा येतो.

"सुकुमार, तू जा खाली," दाजी म्हणाले. आवाज अगदी साधा होता, रोजच्यासारखा. त्यानंच मला जास्त भीती वाटली.

"तुमाला घेऊन जातो. चला."

"माझं काय खरं न्हाई आता. तू जा."

"दाजी, आक्काला काय सांगू मी?"

"तिला ठावं हाय."

"काय ठावं हाय? असं काय करताय? दाजी, पाया पडतो तुमच्या, मागे सरका!"

त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा पुढे सरकले. आता टाचाच कठड्यावर होत्या. खाली पोरं गप्प झाली होती. गुरुजी माईकमध्ये हलक्या आवाजात म्हणत होते, "आता बघा, आता बघा."

माझ्याबरोबर शिडीही हलायला लागली. दाजी हात लांब करून धरता येतील एवढे जवळ नव्हते. कठडा ओलांडून धावावं तर तेवढ्यात ते जातील. लोकांशी कसं बोलावं ते मला ज्या माणसानं शिकवलं तोच समोर उभा होता, त्याला काय सांगणार? आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते युक्तीनं निघालं असं लोकांना वाटतं. साहेब तर पुढे नव्या पोरांना शिकवताना सांगायचे, मगदूमनं डोकं कसं चालवलं बघा. डोकं कसलं चालतंय! मी भेदरलो होतो आणि उंचीवर भेदरलेला माणूस जे म्हणायला शिकलेला असतो तेच म्हणालो.

"दाजी, माझा हूक."

त्यांनी डोळे उघडले. मान वळवून पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, कमरेकडे.

"लावला न्हाई?"

"तुमीच लावता की."

"आणि असाच बोलत ऱ्हायलाईस व्हय, गाढवा?"

ते वळले. कठड्यावरून आत, गच्चीवर उतरले. फरशीवरचा दोर उचलला, माझ्याजवळ येऊन वाकले आणि माझ्या पट्ट्याला हूक लावून एक हिसका देऊन बघितला. दरवर्षीसारखाच. त्यांचे दोन्ही हात माझ्या पट्ट्यावर असतानाच मी त्यांच्या मनगटांना धरलं, तसाच कठड्यावरून आत कोसळलो, आणि दोघंही फरशीवर पडलो. मी त्यांना मिठी मारली ती सोडलीच नाही. त्यांनी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. ते नुसते पडून राहिले आणि पिठाची चक्की थरथरावी तसे थरथरत राहिले.

खाली टाळ्या संपेनात.

प्रात्यक्षिकात यानंतर वाचवलेल्या माणसाला दोरानं खाली सोडायचं असतं. तो सगळ्यात बघण्यासारखा भाग. मी दाजींना दोरानं सोडणार नव्हतो. त्यांच्या काखेत हात घालून जिन्यानं खाली आणलं. "आणि बघा, जीव वाचलेला माणूस आपल्या पायांनी चालत येतोय!" गुरुजी म्हणाले. त्यांना काहीही सांभाळून घेता यायचं. आम्ही मैदानात आलो तसे मुख्य पाहुणे स्वतः उठून पुढे आले. "इतका जिवंत अभिनय मी नाटकातसुद्धा बघितला नाही," असं म्हणून त्यांनी दाजींच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. दाजींनी वाकून नमस्कार केला. फोटो निघाला. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला, मी मात्र तो अजून धड बघितलेला नाही.

साहेब तरातरा आले. "जिन्यानं का उतरलात? रोपचं प्रात्यक्षिक कुणी करायचं?"

"साहेब, दाजींनी हूक काढला होता."

"बरं मग?"

"स्वतः काढला होता. स्वतःच्या हातानं."

साहेब हसायला लागले होते, ते मध्येच थांबले. तेही शिडीवरून साहेब झालेले, त्यांना फोड करून सांगायची गरज नव्हती. त्यांनी दाजींकडे बघितलं. दाजी शाल पांघरून, नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून उन्हात उभे होते. साहेबांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"जीप घेऊन जा," ते हळू आवाजात म्हणाले. "दवाखान्यात ने. पण बाहेर बोलू नगं. आणि सरकारी दवाखान्यात नेऊ नगं, तिथल्या तांबोळी मॅडमच आपल्याला फिटनेस देतात. अनफिट लिवलं तर माणूस घरी बसंल."

"मग कुठं नेऊ साहेब?"

डोक्याच्या डॉक्टर आमच्या गावात त्या एकट्याच. दुसरा डॉक्टर गाठायचा तर शेजारच्या जिल्ह्यात जायला हवं, आणि दाजींना तेवढा वेळ जीपमध्ये बसवायची माझी छाती नव्हती.

मी सरकारी दवाखान्याचा रस्ता धरला. दाजी मागच्या बाकावर होते. जाता जाता मला आदल्या वर्षीचं व्याख्यान आठवलं. वरून काहीतरी पत्र आलं होतं, म्हणून एक बाई बोलवल्या होत्या, जवानांच्या मनाच्या आरोग्यावर बोलायला. साहेब पहिल्या खुर्चीवर, आम्ही मागे. शेवटी बाईंनी विचारलं, ज्यांना कामाचा त्रास होतो, झोप लागत नाही, त्यांनी हात वर करा. साहेबांनी मागे वळून बघितलं! कोण करतोय हात वर? दाजी उठून म्हणाले होते, "मॅडम, टेन्शन आमाला बघून पळतंय." सगळ्यात जास्त मीच हसलो होतो.

दवाखान्याच्या आवारात जीप थांबली तशी दाजींनी बाकाची कड घट्ट धरली.

"हितं नगं, सुकुमार."

"दाजी, चला तर खरं."

"ज्या बाईच्या हातात औषध, तिच्याच हातात नोकरी. मी आत पाय टाकणार न्हाई."

ओढून न्यावं तर माणूस माझ्या दीडपट. जीपची किल्ली खिशात टाकली, फाटकावरच्या रखवालदाराला दाजींजवळ उभं केलं आणि मी आत पळालो. व्हरांड्यात बाकांवर माणसं खच्चून बसली होती. मी हेल्मेटसकट सगळ्यांना ओलांडून डॉक्टर तांबोळींच्या खोलीत घुसलो.

"कुठं आग लागलीय?" त्यांनी मान वर करून विचारलं.

"मॅडम, आमचा माणूस गच्चीवर चढला होता. कसाबसा आणलाय. बाहेर जीपमध्ये आहे, आत यायला तयार नाही. तुम्ही चला."

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, केसपेपर काढा. त्या उठल्या. पेन टेबलावर ठेवलं आणि जशा होत्या तशा उन्हात चालायला लागल्या. जीपच्या मागच्या दारातून चढल्या, पाइपच्या वेटोळ्यावर पाय ठेवून दाजींच्या समोर बसल्या. मी पुढच्या सीटवर. रखवालदाराला त्यांनी हातानंच जायला सांगितलं.

"लोहार ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात आला होता की फिटनेसला. झोप लागते का विचारलं, तर लागते म्हणालात."

"लागत न्हाई म्हटलं असतं तर काय लिवलं असतंसा?"

"काही दिवस घरी बसवा, असं लिहिलं असतं."

"म्हणून म्हटलं, लागते."

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "आता माझ्याकडं कागद नाही आणि पेनही नाही. बोला."

दाजी बराच वेळ नारळाच्या शेंडीशी चाळा करत राहिले. मग बोलले, ते नारळाकडेच बघत.

"दसऱ्याच्या आदल्या हप्त्यात टॉवेलच्या कारखान्याला आग लागली हुती. भर दुपारची. शटरला बाहेरनं कुलूप, आत एक माणूस. मी कटर घेऊन शटरपाशी. आतनं आवाज आला, 'साहेब, मी हितं दारालाच हाय.' मी म्हटलं, 'मागं सरक, कटरच्या ठिणग्या उडतील. मागच्या भितीला टेकून बस, आलोच मी.' त्यो म्हणला, 'बरं साहेब.'"

त्यांनी नारळ मांडीवर ठेवला.

"लगीच ऐकलं बगा त्यानं. मागच्या भितीच्या वर सुताचा माळा हुता, मला काय ठावं? त्यो माळाच खाली आला. शटर कापून आत गेलो तर दारापाशी काय सुदिक झालं नव्हतं. फरशी काळी पडली नव्हती. तिथंच उभा ऱ्हायला असता तर आज घरी असता. मी मागं सरक म्हटलं, म्हणून गेला."

मी त्या आगीला होतो. रस्त्यावर पंपापाशी उभा होतो, मला हे बोलणं ऐकू यायचं कारण नव्हतं. एक माणूस गेला हे मात्र आम्हा सगळ्यांना माहीत होतं. एकच गेला, शेजारचे कारखाने वाचले, म्हणून आम्ही संध्याकाळी भजी मागवली होती. दाजी त्या दिवशीही हसले होते.

"तवापास्नं त्येचा 'बरं साहेब' ऐकू येतोय," दाजी म्हणाले. "आज वर उभा ऱ्हायलो तर लईच जवळनं आला. मग हूक काढला." त्यांनी मान वर करून आरशात माझ्याकडे बघितलं. "आणि तू शिडीवरनं तेच म्हणाय लागलास. मागे सरका, भितीला टेका. जितक्यांदा तू म्हणायचास, तितका मी पुढं सरकत हुतो."

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. वर मी तो शब्द किती वेळा, किती जीव तोडून ओरडलो होतो! वाचवायला चढलेला मी एकेका हाकेनं त्यांना कडेला ढकलत होतो, आणि आणखी एकदा म्हणालो असतो तर? एप्रिलच्या उन्हात मला हुडहुडी भरली होती.

दाजी पुढे बरे झाले. पटकन नाही आणि सरळही नाही. गोळ्या चुकवायचे, आक्काशी भांडायचे, मॅडमकडे जायचं म्हटलं की पोट दुखायचं. बाईंनी त्यांना वर्षभर केंद्रातच टेलिफोनवर बसवलं आणि कुठल्याही कागदावर अनफिट हा शब्द येऊ दिला नाही. कुंभोजकर साहेबांनी भांडून, वरच्या चार लोकांशी वाईटपणा घेऊन, बाहेरगावचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा केंद्रात यावेत अशी सोय केली. त्यांचा आमच्या फिटनेसशी काही संबंध नव्हता, आणि ते आले की साहेब मुद्दाम बाहेर निघून जायचे. पहिल्याच दिवशी दाराबाहेर रांग लागली. आम्ही एकमेकांकडे न बघता उभे होतो आणि त्या रांगेत मीही होतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बाई दाजींना घेऊन आत गेल्या, मागच्या दारानं, व्हरांडा टाळून. मग मी दवाखान्यातल्या फोनवरून आक्काला कळवलं. घाबरवायचं नाही म्हणून अगदी जपून म्हणालो, "आक्का, दाजींना जरा बरं न्हाई. सरकारी दवाखान्यात आणलंय."

"कुठनं पडले?" तिनं विचारलं.

मी पडल्याचं नावही काढलं नव्हतं.

"पडले न्हाईत, आक्का. बरे हायत. तू ये."

ती रिक्षानं आली. दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. मी जीपजवळच थांबलो होतो. काय कसं सांगावं याची जुळवाजुळव करून ठेवली होती, पण तिच्याकडे बघितल्यावर एवढंच निघालं, "आक्का, दाजी शाळेच्या गच्चीवर..."

"कामावर?" ती म्हणाली. "कामावर असताना?"

मी मान हलवली. तिला बसायला जागा हवी होती म्हणून मी जीपचं दार उघडलं, पण ती बसली नाही. दाराला धरून उभी राहिली.

"घरात गच्चीच्या दाराला कुलूप घातलंय मी, दिवाळीपास्नं," ती म्हणाली. "परसातल्या आडावर जाळी टाकून घेतली. धुणं वाळवायची दोरीसुदिक काढली. ह्यांची सुट्टी असली की रातभर जागी असते मी, सुकुमार. ड्युटीवर गेले की मग पाठ टेकते. म्हटलं, तिथं दोर हायत, जाळ्या हायत. तिथं तू हाईस. तिथं कोण पडू देतंय त्यास्नी?"